शंकेचा फायदा कुणाला?



भरतीच्या वेळी जवानाच्या कागदावर आजाराची नोंद नसेल आणि पुढे आजारपणामुळेच त्याला घरी पाठवलं, तर तो आजार सेवेतच जडला असं धरावं. नाही म्हणणाऱ्या सरकारनं ते सिद्ध करावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात हे सांगितलं. तरी मनाच्या आजाराची फाइल आली की लष्कराच्या मेडिकल बोर्डाचा शेरा ठरलेला: सेवेमुळे झालेला नाही, सेवेनं बळावलेलाही नाही. गावाकडच्या माजी सैनिकांचे डिसॅबिलिटी पेन्शनचे अर्ज मी लिहून देतो. पान उलटण्याआधीच हे वाक्य ठाऊक असतं.

कारण बहुधा दिलेलंच नसतं. दिलं तर ‘लक्षणं पीस पोस्टिंगमध्ये (शांत भागातल्या नेमणुकीत) दिसली’ किंवा ‘घरगुती ताण’. काश्मीरहून बदलून आलेल्या माणसाचं मन तिथल्या चौकीवरच ढासळायला हवं होतं की काय? बांधाचा तंटा, बायकोचं दुखणं कुणाच्या घरी नसतं? पण रजा नाही म्हणून ते सगळं हजार कोसांवरून फोनवर ऐकत बसावं लागतं, ते नोकरीमुळेच.

२०१९ मध्ये एका स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयानं जवानाचा दावा फेटाळला. असे आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाहीत, तेव्हा नोंद नसण्यावरून काही सिद्ध होत नाही, असं त्यामागचं म्हणणं. ठीक आहे. पण मग आजार आधीपासून होता, हे तरी बोर्डाला कुठून कळलं? कुणालाच ठाऊक नसेल तिथे काय करायचं, हे या पेन्शनच्या १९८२ च्या नियमांत होतं: वाजवी शंकेचा फायदा दावेदाराला.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एका जवानाच्या बाजूनं निकाल दिला. सुमारे नऊ वर्षं सेवा, १९९८ ला स्किझोफ्रेनियामुळे घरी. बोर्डानं कारणं न देता मत नोंदवलं होतं, ते न्यायालयानं मानलं नाही. सत्तावीस वर्षं गेली त्यात! सेवेची पंधरा वर्षं न भरलेल्या अशा जवानाला सेवेचं पेन्शनही मिळत नाही. शिवाय ज्याचं मनच थाऱ्यावर नाही, त्यानं अपिलं करायची, मग लष्करी न्यायाधिकरण गाठायचं. प्रत्यक्षात खेटे घालते ती त्याची बायको, नाहीतर म्हातारा बाप.

मधुमेह, रक्तदाबाच्या नावावर बरेच अधिकारी डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन निवृत्त होतात, हा मुद्दा महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातही आला. त्याची छाननी जरूर व्हावी. पण तिची झळ आजारामुळे घरी पाठवलेल्या शिपायाला का?

संरक्षण मंत्रालयानं मानसिक आजाराचे, कारण न देता फेटाळलेले जुने दावे आपणहून पुन्हा उघडावेत. यापुढे नकाराची कारणं जवानाला त्याच्या भाषेत लेखी मिळावीत. जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकारनं वरच्या न्यायालयात जाण्याआधी त्याच्या बोर्डाच्या कागदावर एक तरी कारण लिहिलं आहे का, एवढं पाहावं. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी अशा घरांची यादी या महिन्यातच करायला घ्यावी. बरीचशी घरं अर्ज करायचंही सोडून बसली आहेत.

– एक निवृत्त सुभेदार, जि. सातारा