हॅम्बर्गर आणि एका कादंबरीचा परिणाम

हॅम्बर्गरचा जनक कोण, या वादावर अमेरिकेत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. विस्कॉन्सिनमधील सेमूरचा चार्ली नॅग्रीन, ओहायोचे मेंचेस बंधू, न्यू हेवनचा लुई लासेन असे दावेदार अनेक. त्यांच्यासाठी १८८५ ते १९०० या काळातील वर्षे पुढे केली जातात. माझ्या मते हा वाद गौण आहे. जर्मनीतील बंदराचे नाव लाभलेला खिम्याचा ‘हँबुर्ग स्टेक’ एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेत रुळला होता. तो कोणीतरी पावात घालणे स्वाभाविकच होते. लोककथेचा एकच कर्ता शोधणे जितके व्यर्थ, तितकेच हेही. खरा प्रश्न असा, की जत्रेतला हा स्वस्त पदार्थ सर्वमान्य कसा झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक कादंबरी वाटेत येते. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ १९०५ साली एका समाजवादी साप्ताहिकातून क्रमशः आणि १९०६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांस-कारखान्यांच्या वस्तीत राबणाऱ्या एका लिथुआनियन कुटुंबाची ती शोकांतिका. वाचकांच्या मनात मात्र राहिले ते सडके मांस. त्याच वर्षी मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. कामगारांची स्थिती होती तशीच राहिली. आपण नेम धरला लोकांच्या हृदयावर, पण तो लागला पोटाला, अशा आशयाची खंत खुद्द सिंक्लेअरने व्यक्त केली होती.

खिम्याविषयीचा संशय त्यानंतरही टिकून होता, कारण त्यात काय मिसळले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. १९२१ साली कॅन्ससमधील विचिटा येथे वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्रॅम यांनी ‘व्हाइट कॅसल’ काढले, ते या संशयाला उत्तर म्हणूनच. शुभ्र भिंती, चकचकीत पोलाद, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर चाललेले काम आणि किंमत पाच सेंट. लोकप्रिय खाद्य म्हणून हॅम्बर्गरचा जन्म मी येथे मानतो.

पुढे १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी आपले स्वयंपाकघर नव्याने रचले. एकाने केवळ मांस भाजायचे, दुसऱ्याने केवळ पाव सजवायचा. कुशल आचाऱ्याची गरजच उरली नाही. कामाचे असे तुकडे पाडणे हे शिकागोच्या मांस-कारखान्यांचेच तंत्र होते. सिंक्लेअरचा नायक युर्गिस ज्या व्यवस्थेखाली भरडला गेला, तिची कार्यपद्धती अशा रीतीने स्वच्छ होऊन उपाहारगृहात आली.

साहित्याचा समाजावर परिणाम होतो, हे विधान आपण वर्गात सहजपणे करतो आणि ‘द जंगल’चे उदाहरण हमखास देतो. त्या कायद्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु लेखकाने मांडलेल्या दुःखापैकी जेवढे वाचकाच्या स्वतःच्या ताटापर्यंत पोहोचले, तेवढ्याचीच समाजाने दखल घेतली. परिणामाची चर्चा करताना वाचकांनी काय वगळले, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.