आरसे महाल कुठे आहे?

गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल शनिवारवाड्याला गेली होती. दिल्ली दरवाजातून आत शिरताच एका मुलीने मला विचारले, "सर, आरसे महाल कुठे आहे?" तिने 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट पाहिला होता. समोर हिरवळ होती, दगडी जोती होती आणि एक कोरडे कारंजे होते. महाल कुठेच नव्हता. तिचा चेहरा उतरला.

तिची काही चूक नव्हती. संजय लीला भन्साळी यांचा हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. तो ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यातला झगमगणारा महाल मुंबईच्या चित्रनगरीत उभारलेला देखावा होता. चित्रीकरण संपले की असे देखावे मोडून टाकतात. पुण्यात तो महाल कसा सापडणार?

मग पुण्यात काय आहे? पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली या वाड्याचे काम सुरू केले. २२ जानेवारी १७३२ रोजी वाड्याची वास्तुशांत झाली. १८२८ साली वाड्याला मोठी आग लागली. लाकडी मजले, कोरीव खांब, दिवाणखाने सारे जळून गेले. दगड तेवढा उरला. म्हणून आज आपल्याला तट, दरवाजे आणि जोती दिसतात.

मी त्या मुलीला उत्तरेच्या तटातल्या एका दरवाजापाशी नेले. त्याला मस्तानी दरवाजा म्हणतात. अलीबहादूर दरवाजा हे त्याचे दुसरे नाव. मस्तानी ही बुंदेलखंडच्या छत्रसाल राजाची मुलगी. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर मराठ्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि १७६१ साली त्या युद्धातल्या जखमांनी मरण पावला. अलीबहादूर हा समशेरचा मुलगा. एका दरवाजाच्या दोन नावांत आजी आणि नातू दोघेही आहेत. ही गोष्ट ऐकून ती मुलगी बराच वेळ त्या दरवाजाकडे पाहत राहिली.

काही लोक म्हणतात, "चित्रपटांमुळे इतिहास बिघडतो. ते पाहूच नयेत." मला हे पटत नाही. चित्रपट पाहिला नसता, तर ती मुलगी इतक्या उत्सुकतेने वाड्यात आली असती का? १९८२ सालच्या 'गांधी' या चित्रपटाचे काही चित्रीकरण पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झाले होते. तो चित्रपट पाहून तेथे जाणारा माणूस कस्तुरबांच्या समाधीपुढे उभा राहतो, तेव्हा त्याला पडद्यावरची गोष्ट अधिक खरी वाटते. चित्रपट आपल्याला दारापर्यंत आणतो. हे त्याचे उपकारच आहेत. पण दारातून आत आपल्यालाच जावे लागते.

आपण मात्र पुष्कळदा दारातच थांबतो. २०१५ साली चित्रपटातल्या एका गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या, म्हणून पुण्यात मोठा वाद झाला. निदर्शनेही झाली. इतिहासाबद्दल लोकांना आस्था आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण वाद घालणाऱ्यांपैकी किती जण पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी मस्तानीची कबर पाहायला गेले असतील? कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात जपून ठेवले आहेत. ते किती जणांनी पाहिले असतील? पडद्यावरच्या मस्तानीसाठी आपण भांडतो आणि खऱ्या मस्तानीच्या खुणांकडे पाठ फिरवतो. हे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या वास्तूंच्या दगडांवर काही जण खिळ्याने आपली नावे कोरतात. हा कायद्याने गुन्हा आहे. चित्रपटातला देखावा मोडला, तर सुतार तो पुन्हा उभारू शकतो. अडीचशे-तीनशे वर्षांचा दगड एकदा बिघडला, की तो पुन्हा तसा होत नाही.

मित्रांनो, चित्रपट जरूर पाहा. त्यातली गाणी आवडली, तर गुणगुणाही. पण नंतर ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. जाण्यापूर्वी थोडे वाचा. तेथे गेल्यावर प्रश्न विचारा. जोत्यावर उभे राहा आणि येथे कोणते दालन असेल, याचा विचार करा. कोण राहिले, कोण लढले, कोणाचे नाव मागे उरले, हे पडक्या भिंती आपणहून सांगत नाहीत. त्यांना विचारावे लागते.

परत येताना बसमध्ये त्या मुलीने मला पुन्हा एक प्रश्न विचारला, "सर, पाबळ येथून किती लांब आहे?" माझी सहल सफल झाली.