झाकण उघडेल तर शपथ!

आमचा भंडारा पितळी भांड्यांचा. भांड्याला भोक पडले तर झाळून घ्यावे, कल्हई उडाली तर पुन्हा लावावी. म्हणून मला जुना शेपटीवाला माऊसच प्रिय. पोटातली गोळी काढून मळ पुसला की स्वारी पुन्हा धावू लागे! एंगेलबार्टचा १९६४ सालचा पहिला माऊस तर चक्क लाकडी होता.

आणि हा स्मार्टफोन? पैसे माझे, पण बॅटरी मी काढायची नाही, आत आधीच कोंबलेली ॲपे मी पुसायची नाहीत! बहुतेक लहान यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता यावी, असा २०२७ पासूनचा नियम युरोपीय संघाने २०२३ सालीच केला. इथे मी दुकानदाराला झाकण उघडायला सांगितले, तर म्हणतो, "आजोबा, नवाच घ्या ना!"