कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाही. मग औषध लागू पडतंय का, हे कळतं कसं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली... पूर्व विदर्भातल्या या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. पण कुष्ठरोग तर २००५ मध्येच संपला होता ना? नाही. तेव्हा देशपातळीवर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढंच उद्दिष्ट गाठलं गेलं होतं.

अडचण कुठे आहे?

टीबीचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्याच्यावर औषध तपासता येतं. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला, पण तो अजून कुणालाही प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात तो वाढतो, पण त्यात कित्येक महिने जातात.

असं का?

२००१ मध्ये या जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. त्यासाठी वापरलेला जंतू मूळचा तामिळनाडूतला होता. त्याची सुमारे १,६०० जनुकं कामाची निघाली, तर १,१०० हून जास्त निकामी. म्हणजे स्वतंत्रपणे जगण्याची बरीच सामग्री हा जंतू गमावून बसला आहे.

मग उपाय काय?

जंतू वाढवायचाच नाही, त्याचा डीएनए थेट वाचायचा. त्वचेच्या छोट्या नमुन्यातून डीएनए काढतात आणि ठरावीक जनुकांत बदल झालाय का ते बघतात. 'आरपीओबी' या जनुकातल्या काही बदलांमुळे रिफाम्पिसिन निष्प्रभ होतं. 'फोलपी१' मधल्या बदलांमुळे डॅप्सोन चालत नाही. हे वेळीच कळलं तर दुसरी औषधं देता येतात.

हे आत्ता महत्त्वाचं का?

रिफाम्पिसिन हे कुष्ठरोगाच्या उपचारातलं मुख्य औषध. आता रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही खबरदारी म्हणून त्याचाच एक डोस दिला जातो. त्याला दाद न देणारा जंतू पसरला, तर उपचार आणि प्रतिबंध दोन्ही एकदम लंगडे पडतील. त्यामुळे उपचारानंतर रोग पुन्हा उलटलेल्या रुग्णाचा नमुना गावातून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणं गरजेचं आहे. नमुनाच गेला नाही, तर तपासणीचं तंत्र कितीही चांगलं असून काय उपयोग?

तुम्ही काय कराल?

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत मिळतं. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं. उपचार पूर्ण झाल्यावर नवा चट्टा आला, तर लपवू नका. पुन्हा जा आणि आधी घेतलेल्या उपचारांची माहिती नक्की सांगा.