छंद आणि व्यासंग : मंद प्रकाशांतील मैफल

गाणें ऐकावयाचें असतें, पाहावयाचें नसतें, असें म्हणणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु ज्यानें एखाद्या गवयास समेवर येतांना पाहिलें आहे, तो हें म्हणणें सहसा मान्य करणार नाहीं. स्वर कानांत शिरतो. पण तो लावतांना गाणाऱ्याच्या मुद्रेवर जें उमटतें, तें डोळ्यांनींच टिपावें लागतें. तें कायमचें जपून ठेवावें अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. अडचण एवढीच, कीं अशीं दृश्यें बहुधा रात्रीं आणि काळोखांतच दिसतात. नाट्यगीतांचा कार्यक्रम असो, ख्यालगायनाची बैठक असो, किंवा घरांतील तरुण मंडळींच्या आवडीचा रॉक संगीताचा जलसा असो. प्रेक्षागारांत अंधार, रंगमंचावर दोन-चार दिवे, आणि घरीं येऊन पाहावें तों चेहऱ्याच्या जागीं एक पांढरा डाग, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. या महिन्यांत तिचाच विचार करूं.

प्रकाशाशीं झुंज देण्याची विद्या कोल्हापुरास नवी नाहीं. येथील बाबूराव पेंटर यांनीं कॅमेरा स्वतः तयार केला, आणि १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटांत कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून दाखविला. हेच बाबूराव त्यापूर्वीं नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर १९१५ सालीं उघडलें. पुढें त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. केशवरावांचा जन्म १८९० चा. १९२१ सालीं ऐन तारुण्यांत ते गेले. त्याच वर्षीं ८ जुलै रोजीं मुंबईस त्यांनीं व बालगंधर्वांनीं मिळून केलेल्या ‘मानापमाना’च्या प्रयोगाची कीर्ति अद्यापि कानांवर येते. परंतु त्या पिढीच्या नटांचीं जीं छायाचित्रें आपण पाहतों, तीं बहुतेक स्टुडिओंत, रंगविलेल्या पडद्यापुढें, निश्चल उभें राहून काढलेलीं आहेत. त्या काळच्या प्लेटी मंद होत्या. दिव्यांच्या उजेडांत, भर गाण्यांत रंगलेला नट त्यांवर उतरणें दुर्घट होतें. तबकडीनें आवाज राखला. गातांनाचा चेहरा बहुतेक हरवलाच.

आज साधन आपल्या हातांत आहे. मग चित्र कां बिघडतें? पहिलें कारण फ्लॅश. प्रकाशाचा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो, हें शाळेंत सर्वांनींच घोकलेलें असतें. तीन मीटरांवर जेवढा उजेड पडतो, त्याचा सुमारें सत्तरावा अंश पंचवीस मीटरांवर पोंचतो. म्हणजे विसाव्या रांगेंतून उडविलेला फ्लॅश गायिकेपर्यंत जातच नाहीं. तो पुढच्या रांगेंतील टकलांवर मात्र लख्ख पडतो! शिवाय गाणाऱ्याची समाधि मोडते ती निराळीच. यास्तव फ्लॅश बंद ठेवावा, हा पहिला नियम होय.

दुसरें कारण असें, कीं कॅमेरा स्वभावतः भोळा आहे. चोहोंकडे अंधार पाहून ‘फार काळोख आहे’ असें तो समजतो, आणि उजेड वाढवून दिव्याखालचा चेहरा जाळून टाकतो. त्यावर उपाय म्हणजे मोजमाप केवळ चेहऱ्यावरून घेणें. मोबाइल वापरणाऱ्यांनीं पडद्यावरील चेहऱ्यावर बोट टेकून उजळपणा थोडा खालीं ओढावा. कॅमेरा वापरणाऱ्यांनीं ५० मिलिमीटरांचें, एफ १.८ चें लहानसें भिंग घ्यावें. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें नेहमींचें भिंग लांबचें दृश्य जवळ आणतांना एफ ५.६ वर जातें. त्यापेक्षां या भिंगांतून जवळजवळ दसपट प्रकाश आंत येतो. आयएसओ १६०० वा ३२०० पर्यंत नेण्यास भिऊं नये. चित्र थोडें दाणेदार झालें तरी चालतें. हललेलें चित्र मात्र कशानेंच सुधारत नाहीं. दिवे केवळ लाल किंवा निळे असतील, तर रंगांचा मोह सोडून चित्र कृष्णधवल करावें. चेहरा पुन्हां माणसाचा दिसूं लागतो.

परंतु हीं सारीं आंकडेमोडीचीं कामें झालीं. खरी मेख पुढेंच आहे. थोड्या उजेडांत शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें, आणि तेवढा वेळ समोरचा माणूस स्थिर असावा लागतो. गाणारा माणूस स्थिर कसा राहील? याचें उत्तर संगीतांतच आहे. वर फेंकलेला चेंडू जसा सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थबकतो, तसा संगीतांतील प्रत्येक आवेग शिखरावर पोंचला कीं निमिषमात्र विसावतो. आलापींत लांब स्वर लागला असतां गवई हात उंचावून तसाच ठेवतो. तेथें १/३० सेकंदही पुरतो. तान सुटली कीं १/२५० सुद्धां अपुरा पडतो; म्हणून तानेच्या मागें न धांवतां समेची वाट पाहावी. रॉक संगीतांतही तेंच. गिटार वाजविणारा उडी मारतो ती ठरलेल्या ठोक्यावर. गाणारा ओळ संपतांच तोंड मायक्रोफोनपासून दूर नेतो, आणि तेवढ्यापुरता त्याचा चेहरा मोकळा सांपडतो. ज्यास गाणें ठाऊक आहे, त्यास हा क्षण आधींच कळतो. ज्यास ठाऊक नाहीं, तो पांचशें चित्रें काढूनही रिकामाच परततो. मोठ्या रॉक जलशांतून वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांस पहिलीं तीनच गाणीं, आणि तींही फ्लॅशवांचून, टिपूं देण्याची रूढी आहे. तेवढ्या अवधींत काम साधणारे लोक त्या वादकांचीं गाणीं आधींच कान देऊन ऐकून येतात.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील माँटेरे येथील १९६७ च्या संगीत महोत्सवाचें आहे. १८ जून रोजीं दुपारीं तेथें पंडित रविशंकरांची सतार झाली, आणि रात्रीं जिमी हेंड्रिक्सनें आपली गिटार रंगमंचावर पेटविली. ज्वाळेपुढें गुडघे टेकलेल्या हेंड्रिक्सचें जगभर गाजलेलें चित्र एड कॅराफ या सतरा वर्षांच्या मुलानें काढलें. तो रंगमंचाच्या कडेला खुर्चीवर उभा होता, आणि आपल्या फिल्मवर एकच चित्र उरलें होतें, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. शेवटचें चित्र योग्य क्षणासाठीं राखणें, हा संयम विकत मिळत नाहीं.

आतां घरांतील वडील मंडळी विचारतील, कीं एवढा खटाटोप कशासाठीं? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, त्यांच्याच नांवाचें तें नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. पुनर्बांधणीचें काम त्यानंतर हातीं घेण्यांत आलें. भिंती उठतील, खुर्च्याही येतील. परंतु शंभरांहून अधिक वर्षें तेथें जो रसिकवर्ग बसत आला, त्याच्या खुणा आतां कोठें शोधावयाच्या? त्या आपल्या घरच्या कपाटांत आणि मोबाइलांत आहेत. कोणाच्या मुलीनें तेथें पहिलें नाट्यगीत म्हटलें, कोणाच्या आजोबांचा सत्कार तेथें झाला. त्या चित्रांत मागें सहज आलेली रंगमंचाची चौकट आज त्या वास्तूची साक्ष झाली आहे.

म्हणून एक सूचना आग्रहानें करावीशी वाटते. गाणाऱ्याचीं दोन-तीन चित्रें साधलीं, कीं एकदां मागें वळावें. रंगमंचावरचाच उजेड पुढच्या रांगांतील चेहऱ्यांवर मंदपणें पडलेला असतो. दाद देणारी आजी, डोळे मिटून ताल धरणारे काका, कंटाळून आईच्या मांडीवर निजलेलें मूल, यांचें एक चित्र घ्यावें. घरीं आल्यावर तारीख, स्थळ आणि माणसांचीं नांवें लिहून ठेवावीं, व एक प्रत दुसऱ्या घरीं, बहिणीकडे किंवा पुतण्याकडे, द्यावी. नांव नसलेलें छायाचित्र दोन पिढ्यांनीं परकें होतें.

आणि हें झाल्यावर कॅमेरा खालीं ठेवावा. सबंध मैफलभर मोबाइल डोक्यावर धरणारा मनुष्य मागच्या रांगेंतील वृद्धाचें सुख हिरावून घेतो, आणि स्वतःही कांहीं ऐकत नाहीं. ज्या गाण्याचें चित्र आपणांस हवें आहे, तें आधीं आपण ऐकलेलें असावें, एवढें पथ्य पाळलें, म्हणजे थोडा उजेडही पुरतो.