अद्भुताची पावती

गतवर्षी याच सदरात एका अद्भुतरम्य कादंबरीचा संकल्प मी वाचकांच्या कानी घातला, तेव्हापासून अंबाजोगाईच्या बाजारपेठेत, परळीच्या रस्त्यावर किंवा बीडला एखाद्या कार्यक्रमाच्या निमित्ताने जे जे परिचित भेटतात ते कुशलप्रश्न आटोपताच ‘तुमचे राज्य कुठवर आले?’ अशी आस्थेने पृच्छा करतात. त्या सर्वांना एकत्र उत्तर देण्याचे कर्तव्य आज पार पाडते. तीन खंडांपैकी पहिल्याची मुद्रणप्रत सिद्ध झाली आहे, दुसऱ्यातील कथा घाट उतरून नदीकाठच्या परगण्यांत येऊन पोचली आहे, आणि तिसरा खंड अद्याप टाचणांच्या स्वरूपात असला तरी त्याचा शेवट कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या मुखाने व्हावयाचा हे निश्चित झाले आहे. परंतु एवढ्या वृत्तान्ताने पृच्छकांचे समाधान होत नाही. या राज्याची घडण कशी झाली हे त्यांना ऐकावयाचे असते, आणि सांगण्यासारखे जे आहे तेही तिथेच आहे.

राज्याचे नाव सप्तघाट. ते एका कोरड्या पठारावर वसलेले असून त्याच्या दक्षिण सीमेवरून अनुसरा नावाची बारमाही नदी वाहते, आणि त्या नदीच्या पाण्याचा धर्म असा की, जो ते प्राशन करतो त्याची तृषा शमते, पण ओंजळीगणिक त्याच्या आयुष्यातील एक आठवण कायमची नाहीशी होते. पठारावरच्या विहिरींचे पाणी निर्दोष आहे, मात्र दर काही वर्षांनी त्या विहिरी आटतात. आणि त्या आटल्या म्हणजे तहानेने मरावे की आपल्या आईचा चेहरा विसरून जगावे, असा प्रश्न तेथील प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहतो. संपूर्ण कादंबरीत अद्भुत म्हणावे असे एवढेच आहे. उडते रथ, मायावी राक्षस, शाप आणि उःशाप यांना सप्तघाटात प्रवेश नाही. जे काही घडते ते या एका पाण्यापासून घडते.

एवढी एक गोष्ट गृहीत धरली की तिच्यामागून सबंध राज्यव्यवस्था चालत येते, आणि मग लेखकाला कल्पनेपेक्षा विवेकाची गरज अधिक भासते. ज्या देशात स्मृतीचा भरवसा नाही तेथे लेखी दस्तऐवजाचे मोल वाढणार. म्हणून सप्तघाटात पाटील-कुलकर्ण्यांच्या जोडीला स्मरणपांडे नावाचा एक वतनदार आहे, आणि दुष्काळाचे साल उजाडले की घाट उतरण्यापूर्वी प्रत्येक माणूस त्याच्या ओसरीवर बसून आपले आयुष्य सांगतो व स्मरणपांडे ते बंदात उतरवून घेतो. जो लिहून घेतो त्याच्या हाती सत्ता जाते, हे ओघानेच आले. एखाद्याच्या जबानीतून शेताची चतुःसीमा गाळली, तर परतून आलेल्या त्या माणसाला आपले शेत होते हेच आठवत नाही. एखाद्या विधवेच्या नावावर न घेतलेले कर्ज चढवले, तर ते ती कशाच्या आधारावर नाकारणार? यास्तव तपासनीस अंमलदार नेमावे लागतात, दुबार नकला ठेवाव्या लागतात, आणि ज्यांनी नदीच्या पाण्याला कधी ओठ लावलेला नाही अशा ‘कोरड्या’ साक्षीदारांचा एक मानकरी वर्ग उत्पन्न होतो. त्या वर्गाचा अहंकार आणि त्याची भीती यांवरच पहिल्या खंडाचे कथानक उभे आहे.

मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेत, १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी असा अभिप्राय दिला की, आपल्या लोकांच्या विवाहादी रीतींमुळे त्यांच्या जीवनात मनोरंजक असे गुणही आढळत नाहीत आणि दुर्गुणही आढळत नाहीत, नित्य अनुभवाच्या गोष्टी लिहाव्यात तर त्यांत चित्त वेधणारे काही नसते, म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. त्याच्या अकराच वर्षे आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त हिंदू विधवांच्या दुःखाला कादंबरीचा विषय केले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे रिसबुडांचे म्हणणे सर्वस्वी मान्य करवत नाही, तरी त्यांनी आपल्या लेखनाचे कारण इतक्या मोकळेपणाने सांगितले याबद्दल मला आदर वाटतो. माझे म्हणणे असे की, नित्याचे जीवन निःसत्त्व आहे म्हणून अद्भुताकडे वळणाऱ्या लेखकाच्या हाती फार काही लागत नाही. सवयीने जे आपल्याला दिसेनासे झाले आहे ते पुन्हा लख्ख दिसावे, एवढ्याचसाठी अद्भुत योजावे, आणि तेही मोजून-मापून योजावे.

या मताला आधार आपल्याच परंपरेत आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारातले धान्य रयतेला वाटले, बिदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम दिला, आणि ते तेथे पोचण्यापूर्वीच प्रत्यक्ष पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन सगळी रक्कम भरली, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या कथेचे मर्म मला तिच्या पुढच्या भागात दिसते, कारण भरणा केल्यावर तो विठू पावती मागून घेतो आणि ती पावती पुढे पंतांच्या पोथीत सापडते. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांची आख्यायिकाही याच जातीची. वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे. अवर्षणामुळे वसुलाची बाकी थकली, बिदरच्या बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतले, आणि मुदत सरण्यापूर्वी दत्तात्रेयाने पाडेवाराच्या वेशात येऊन ती बाकी चुकती केली. परमेश्वराला सुवर्णाची वृष्टी करता आली असती, बादशहाची मती पालटता आली असती. आपल्या पूर्वजांनी मात्र त्याला कचेरीत उभे केले आणि हिशेब पुरा करावयास लावला. मराठी मनाचे अद्भुत हे असे दुष्काळात जन्मते, थकबाकीशी त्याची गाठ पडते आणि पावती घेतल्यावाचून ते माघारी फिरत नाही. सप्तघाटाची घटना मी याच नियमावर बेतली आहे.

अशा राज्याचा जेवढा भाग वाचकाला दिसतो त्याच्या कैक पटींनी अधिक भाग लेखकाला सिद्ध ठेवावा लागतो. आमच्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेस वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, पैठणात, सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने विद्याधरांची बृहत्कथा सात लक्ष श्लोकांत रचली, राजाने ती पैशाची भाषेतली म्हणून अव्हेरली, आणि खिन्न झालेला कवी रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत ते अग्नीत टाकू लागला; राजा तेथे येऊन पोचला तेव्हा केवळ एक लक्ष श्लोक उरले होते, अशी कथा अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांगितली आहे. आपल्या काळात इंग्रज पंडित टोल्किन यांनी १९३७ साली ‘द हॉबिट’ प्रसिद्ध केल्यानंतर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखन हाती घेतले ते १९५४-५५ साली तीन भागांत छापून झाले, त्या अवधीत त्यांनी नकाशावरची अंतरे आणि आकाशातील चंद्राच्या कला यांचा मेळ कथेतील दिवसांशी बसविला, आणि त्या सृष्टीचे मूळ पुराण तर त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, पुत्राने संपादून प्रकाशात आणले. गुणाढ्याचे जळालेले सहा लक्ष श्लोक आणि टोल्किन यांचे हयातीत न छापलेले पुराण यांचा विचार केला म्हणजे ध्यानात येते की कथेच्या पाठीशी कथेहून मोठे दफ्तर असावे लागते, आणि त्या दफ्तराचे वजन न दिसता जाणवावे लागते.

सप्तघाटाच्या दफ्तराचा भूगोल मी बालाघाटाकडून घेतला आहे. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि आमच्या सीमा ओलांडून कर्नाटक व तेलंगणाकडे निघून जाते. उगम आपला आणि पाणी पुढच्यांचे, हे शल्य माझ्या पठाराच्या राजकारणात जसेच्या तसे उतरले आहे. बीडजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकात, निजामशाही अंमलात, सलाबतखानाने बांधविली आणि तिचे पाणी मोटेवाचून, केवळ जमिनीच्या उतारावर, भूमिगत कालव्याने शेतापर्यंत नेले. सप्तघाटाची राजधानी अशाच एका बावडीभोवती वसली आहे. कालगणनेचेही तसेच. निजामाच्या राज्यात फसली सन चाले, त्यात ५९० मिळविले की इसवी सनाचा मेळ बसे. परंतु आमच्या खेड्यांतील वडीलधारी माणसे आपला जन्म किंवा लग्न सांगताना ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असे सांगतात, आणि त्या शब्दांसरशी खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि लाल मिलो यांची आठवण आपोआप निघते. म्हणून सप्तघाटात राजांच्या राज्याभिषेकापासून वर्षे मोजत नाहीत. तेथील पंचांगात प्रत्येक दुष्काळाला नाव आहे आणि काळाची मोजणी त्या नावांपासून होते.

दुसऱ्या खंडाचा विषय स्थलांतराचा आहे, आणि तो लिहिताना माझे मन वारंवार आपल्या ऊसतोड मजुरांकडे जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब लागतो, बिऱ्हाड गाडीत चढते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावात म्हातारी माणसे व काही मुले एवढीच उरतात. माझ्या कादंबरीत ही उचल विहिरीच्या शुद्ध पाण्याच्या घागरींत मिळते, आणि ती फिटेपर्यंत माणसांना अनुसरेच्या काठी राबावे व तेच पाणी प्यावे लागते. ज्याची उचल मोठी त्याचे विस्मरण मोठे. अद्भुताच्या योगे एवढेच साधावे, अशी माझी इच्छा आहे की, कर्जापायी माणूस घर सोडतो तेव्हा त्याचे काय काय सुटते, हे आकड्यांच्या पलीकडे जाऊन वाचकाला कळावे.

लेखनाचा क्रम विचारणाऱ्यांना मी दासोपंतांचे उदाहरण सांगते. रोज ढबू पैशाची शाई सरेपर्यंत ते लिहीत, अशी परंपरा आहे. आणि कागदावर समाधान न झाल्याप्रमाणे त्यांनी सुमारे २४ हात लांब व अडीच हात रुंद अशा पासोडीवर पंचीकरणाचा विषय ओव्यांत व आकृत्यांसह लिहून ठेवला. ती पासोडी अंबाजोगाईत आहे, आणि दीर्घ लेखन हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी असे मला वाटते. कारण एवढ्या विस्तारात प्रत्येक तत्त्वाची जागा ठरलेली आहे. माझ्याही टेबलावर कादंबरीच्या हस्तलिखिताशेजारी गावनिहाय वह्या आहेत. त्यांत विहिरींची खोली परसांत, धान्य पायली-मणांत, अंतरे कोसांत आणि धारा बिघ्यामागे नोंदलेला आहे. यांतील बहुतेक मजकूर छापला जाणार नाही. पण त्या नोंदींच्या विरुद्ध जाणारे एकही वाक्य मी मुद्रणप्रतीत राहू देत नाही.

सध्या हाती असलेले प्रकरण असे आहे. नदीकाठाहून परतलेली एक स्त्री स्मरणपांड्याच्या ओसरीवर बसली आहे आणि तिची मुलगी तिला तिचीच जबानी वाचून दाखवते आहे. तिचा धाकटा मुलगा तापाने गेल्याची हकीकत ज्या बंदात आहे तिथपर्यंत वाचन आले आहे, आणि आईला असा मुलगा होता हेच आता ठाऊक नाही. कायद्याने संपूर्ण जबानी वाचणे बंधनकारक. मायेने तो बंद उलटून पुढे जावे असे वाटते. मी पुष्कळ विचार करून ठरविले आहे की मुलगी तो बंद वाचेल. आईला दुःख परत मिळेल, पण त्या मुलाचे नाव जगात त्या बंदाखेरीज अन्यत्र कुठेही उरलेले नाही, आणि ज्या राज्यात दुःख टाळण्यासाठी नोंद गाळण्याचा प्रघात पडतो तेथे उद्या शेताची चतुःसीमाही त्याच वाटेने गाळली जाते.

म्हणून या लेखाच्या अखेरीस माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. आपल्या जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत मोडी, फारसी आणि उर्दू कागदांचे रुमाल अजून आहेत; घर पाडताना ते रद्दीत जातात, कारण त्या लिपी घरात कोणाला वाचता येत नाहीत. तसे रुमाल आपल्या घरी असतील तर ते विकू नका. त्या लिपी जाणणाऱ्या अभ्यासकाकडून वाचून घ्या, त्यांची नक्कल करवा आणि घरातल्या मुलांना त्यांतील नावे मोठ्याने वाचून दाखवा. सप्तघाटातल्या माणसांची आठवण राखण्याचा भार एकट्या लेखकाने उचलला तरी भागते. बीडच्या माणसांची आठवण राखण्यास मात्र घराघरांतून हात लागले पाहिजेत.