चामड्याचं काम शाळेत शिकवावं का? एका हौशी मास्तराचं मत



मी गेली सहा वर्षं फावल्या वेळात चामड्याचं काम शिकतोय. सुरुवात किल्लीच्या पट्टीपासून झाली. मग पाकीट, मग नक्षी कोरलेला कमरेचा पट्टा, आणि शेवटी माझ्या जुन्या बुलेटची सीट. मित्र विचारतात, "सर, एवढी खटपट कशाला? बाजारात चारशे रुपयांत कव्हर मिळतं की!" मिळतं. पण हा लेख सीटच्या किमतीबद्दल नाही. हा छंद मी वर्गात नेला तेव्हा काय झालं आणि त्यातून माझं काय मत बनलं, ते सांगायचंय. मत पटलं नाही तरी चालेल, पण कामाची गोष्ट आधी ऐकून घ्या.

चामडं म्हणजे एकच एक वस्तू, असा माझा समज होता. तसं नसतं. कच्चं कातडं कमवावं लागतं. हिरड्यानं, बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं वेगळं आणि क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं वेगळं. पहिल्याला जरा दिवस लागतात, पण ते पाणी धरतं आणि ओलं असताना दाबलं की तो दाब वाळल्यावरही तसाच राहतो. म्हणून कोरीवकाम, ठसेकाम त्याच्यावरच होतं. क्रोमचं कातडं मऊ, लवचीक, पाण्याला टिकणारं. त्याच्यावर ठसा मारा, संध्याकाळपर्यंत पुसट झालेला असतो. मी पहिले दोन महिने क्रोमच्या तुकड्यांवर ठसे मारत बसलो होतो आणि आपला हातच वाईट आहे असं समजत होतो!

कोरायच्या आधी कातडं ओलं करायचं. किती ओलं, हे कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. स्पंजनं पाणी फिरवलं की ते गडद होतं. मग थांबायचं. मूळ रंग परत येऊ लागला पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय, तो क्षण कामाचा. आधी सुरुवात केली तर रेघ चिखलात ओढल्यासारखी बुजते, उशीर केला तर पातं अडखळतं. फिरत्या पात्याच्या चाकूनं रेघ कापायची, मग रेघेच्या एका बाजूनं ठशाचं टोक ठेवून लाकडी मोगरीनं हलके ठोके द्यायचे. एक बाजू दबली की दुसरी आपोआप उठून दिसते. पान, फूल, वेल, सगळं या एका युक्तीवर.

एकदा ओल्या कातड्यावर लोखंडी पट्टी विसरलो. सकाळी निळा-काळा डाग! विज्ञानाच्या शिक्षकांना इथे गंमत वाटेल. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, ती याच तत्त्वावर. आठवीच्या मुलांना हा डाग मी आजही दाखवतो.

आता सीट. इथे माझी चांगलीच फजिती झाली. पट्टे चांगले जमू लागल्यावर मला वाटलं, त्याच कोरायच्या कातड्याची सीट करू, वर मोराची नक्षी. जुनं कव्हर उसवलं, त्याच्या तुकड्यांवरून कागदी माप काढलं. रेक्झिन ताणलं की जरा सैल सोडतं, त्यामुळे जुनं कव्हर मूळ मापापेक्षा मोठं झालेलं असतं, हे लक्षात आलं नाही. शिवणीसाठी जादा माप एका तुकड्याला सोडलं, दुसऱ्याला विसरलो. कातड्यात चुकीची शिवण उसवून परत घालता येत नाही, कारण सुईची भोकं कायमची. दोन तुकडे वाया. तिसऱ्यांदा जमलं, मोर सुरेख आला, आणि जून संपता संपता पहिला मोठा पाऊस झाला. सीट फुगली, वाळल्यावर पापडासारखी कडक झाली. त्याहून वाईट म्हणजे रंग सुटला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मी पांढऱ्या पँटवर तपकिरी मोर घेऊन उभा होतो. मुलं अजून आठवण काढतात.

शहरातल्या सीट-कव्हरवाल्याकडे गेलो. त्यानं बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे पट्ट्याचं कातडं. सीटला सोफ्याचं लागतं." सीटला साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचं क्रोमचं कातडं, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा (सुती दोरा पावसात कुजतो), आणि जिथे पाणी साचतं तिथे शिवण घ्यायचीच नाही. फोमच्या वर प्लॅस्टिकचा कागद. एवढं ज्ञान त्यानं उभ्या उभ्या दिलं. नक्षीचा हट्ट असेल तर स्प्रिंगवाल्या एकट्या सीटवर करा, ती पावसात काढून घरात नेता येते, हेही त्यानंच सांगितलं. आज माझ्या गाडीला साधी काळी सीट आहे, हातशिलाईची.

हातशिलाई म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर काढायच्या. मशीनच्या शिवणीत एक धागा तुटला की पुढची शिवण सुटत जाते, इथे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोरा किती घ्यायचा? शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट. सेंटिमीटरला तीन टाके धरले तर पंचेचाळीस सेंटिमीटरला किती भोकं, पहिलं आणि शेवटचं धरून? आमच्या वर्गात यावर पाच मिनिटं भांडण झालं. एकशे पस्तीस की एकशे छत्तीस? कातडं चौरस फुटावर विकतात आणि त्याला सरळ बाजू नसते. आलेख-कागदावरचे चौकोन मोजून अनियमित आकृतीचं क्षेत्रफळ काढायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता मुद्द्याचं.

मी पाकीट वर्गात दाखवलं, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगा मात्र पाकीट हातात घेऊन म्हणाला, "सर, शेवटाला दोन टाके मागं घ्यायला पाहिजे होते, हे सुटणार." अगदी बरोबर. मला एवढा आनंद झाला की मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "अरे वा! याच्या आजोबांचं दुकान आहे ना बसस्टँडजवळ, त्यांच्याकडून शिकला असणार."

वर्ग शांत झाला. मागून कुणीतरी हसलं. शाळेच्या दाखल्यावर त्या मुलाच्या वडिलांनी व्यवसायापुढे 'मजुरी' लिहिलं होतं. का लिहिलं होतं हे मला तेव्हा कळलं, बोलून गेल्यावर. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

तिसऱ्या दिवशी वडील आले. आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुमची आवड हाय, तुम्ही करा. आमच्या पोराला ह्यातलं काय शिकवू नका. गणितात कच्चा हाय त्यो, तेवढं बघा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही.

कारण आपल्याकडे हा छंद कोरा नाही. कातडं कमावणारा ढोर-कक्कय्या समाज आणि वस्तू घडवणारा चर्मकार समाज यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कौशल्य सांभाळलं आणि त्याच कामाच्या नावानं त्यांना लांब ठेवलं गेलं. माझ्याच घरात चप्पल शिवून आणली की आजी ती अंगणात ठेवायला लावायची आणि हातपाय धुवायला सांगायची. तिचाच नातू आज कातडं गालाला लावून ओल बघतो आणि लोक कौतुक करतात. त्या मुलानं तेच केलं तर त्याला 'बापाचाच धंदा' म्हणतील. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला मूळ न सांगता दाखवल्या, तेव्हा आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर किती संताप उसळला आठवतंय ना? 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, याचे फॉरवर्ड दिवसभर फिरत होते. टीका झाल्यावर कंपनीनं भारतीय परंपरेचं ऋण मान्य केलं. आपण आपल्या गावात काय मान्य केलं?

'हस्तकौशल्य शिक्षणात आणा' हे म्हणणं जुनंच आहे. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. स्वतः त्यांनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर चपला शिवायला शिकून घेतलं होतं, आणि हर्मन कालेनबाख ते काम ट्रॅपिस्ट मठातून शिकून आले होते. पण दुसरंही उदाहरण विसरू नये. 1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेची योजना बदलली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ घरचा व्यवसाय शिकायचा. लोकांनी तिला 'कुलाच्या धंद्याचं शिक्षण' म्हणून कडाडून विरोध केला आणि 1954 मध्ये ती रद्द झाली. विरोध बरोबरच होता. न्हाव्याच्या मुलानं वस्तरा आणि ब्राह्मणाच्या मुलानं पाटी घ्यायची, हे शाळेनं सांगायचं नसतं.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम करायला सांगितलंय. बऱ्याच शाळांत या दिवसांत काय होतं ते आपण जाणतो. कागदी फुलं, भेळ, फार तर कुंडीत रोप. माझं मत असं की चामड्याचं काम यात जरूर यावं, पण सगळ्या वर्गाला. कुणाला 'तुला येत असेल' म्हणून पुढे करायचं नाही, कुणाला 'आमच्यात चालत नाही' म्हणून सूट द्यायची नाही. शाकाहारी किंवा जैन घरातून खरी अडचण आली तर त्या मुलाला त्याच आरीनं, त्याच दोन सुयांनी जाड कॅनव्हास शिवू द्या. प्राण्याच्या कातड्याला हात न लावणं ही एक श्रद्धा झाली, काम करणाऱ्याला कमी लेखणं ही दुसरी गोष्ट. पालकांशी बोलताना हा फरक स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो. मी मांडला, तेव्हा एका आईनं लगेच मान्य केलं आणि एका वडिलांनी मुलाला त्या दिवशी घरीच ठेवलं.

आणि शिकवायला मी नको. मी हौशी. माझा टाका बरा असेल, पण रापीनं कड तासताना मी अजून दर पाचव्या तुकड्याला भोक पाडतो. शिकवायला कारागीरच हवा, खुर्चीवर बसवून, मानधन देऊन. चहा-नारळावर भागवायचं नाही. कवी आला तर आपण पाकीट देतो ना!

मग मी त्या मुलाच्या आजोबांकडे गेलो. आधी माझ्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्यांनी एक चप्पल पूर्ण शिवून होईपर्यंत वर पाहिलं नाही. मग म्हणाले, "येतो. पण नातवाच्या वर्गावर नाही. दुसऱ्या वर्गावर घ्या मला." मी हो म्हटलं. मानधनाच्या व्हाउचरवर काय लिहायचं यावर ऑफिसात अर्धा तास चर्चा झाली, शेवटी 'व्याख्याते' लिहिलं.

ते सातवीवर आले. आरी कशी धरायची हे दाखवताना त्यांनी एकदाही 'सोपं आहे' असं म्हटलं नाही. मुली जास्त नीट शिवत होत्या. तास सुटल्यावर आठवीतला त्यांचा नातू दाराबाहेर उभा होता. आत आला नाही, पण खिडकीतून शेवटची दहा मिनिटं बघत होता, एवढं मी पाहिलं. त्याचं गणित मी आता शनिवारी घेतो, वडिलांना शब्द दिलाय.

जाताना आजोबांनी माझी बुलेट पाहिली. सीटच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मागच्या कोपऱ्याशी थांबले. "हितनं पाणी शिरतंय. दुकानावर आणा, मेण भरून देतो." दुसऱ्या दिवशी नेली. वीस मिनिटांचं काम झालं. सर म्हणून पैसे घेणार नाहीत, असं मला मनातून वाटत होतं.

दीडशे घेतले.